अधिवेशनाला पुन्हा का यायचे?



अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की शाखेत दोन प्रकारचे सभासद दिसतात. एक जण रजेचा अर्ज लगेच टाकतो. दुसरा म्हणतो, "परिपत्रक मोबाईलवर येतेच, मग जायचे कशाला?" दुसऱ्यावर रागावून चालणार नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

मी पहिल्यांदा प्रतिनिधी म्हणून गेलो तेव्हा गँगमन होतो. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलो. तिथली भाषणे आज आठवत नाहीत. आठवतो तो शेजारी झोपलेला दुसऱ्या विभागातला गँगमन. त्याला बूट व रेनकोट पावसाळ्यापूर्वीच मिळाले होते. आम्हाला मात्र दोन वर्षे "स्टॉक नाही" हेच उत्तर मिळत होते. परत आल्यावर शाखेने तोच दाखला देऊन प्रश्न पीएनएममध्ये लावून धरला. पुढच्या पावसाळ्यात बूट आले. तेव्हापासून मी एकही अधिवेशन चुकवलेले नाही.

पास आणि जेवणासाठी माणूस एकदा येईल. पुन्हा येतो तो आपले दुखणे एकट्याचे नाही हे कळते म्हणून, आणि त्यातून काही निष्पन्न होते म्हणून. फेब्रुवारी १९७४ मध्ये निरनिराळ्या रेल्वे युनियनांचे प्रतिनिधी दिल्लीत एकत्र बसले, समन्वय समिती स्थापन झाली. त्यातूनच ८ मे रोजी सुरू झालेला संप २७ मेपर्यंत चालला. अशी एकजूट परिपत्रकाने होत नसते.

आजही १ जानेवारी २००४ नंतर लागलेला ट्रॅकमन आणि पोस्टमन यांचा पेन्शनचा प्रश्न एकच आहे. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजनेचा पर्याय आला. तो कोणाला परवडतो, हे चार जणांनी आपापला हिशेब समोर ठेवला तरच समजते.

पण दोष आपलाही आहे. व्यासपीठावर तासन् तास हारतुरे आणि प्रतिनिधीला तीन मिनिटे, असे चालले तर खुर्च्या रिकाम्या राहणारच. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. मागील ठरावांचे काय झाले, याचा हिशेब पहिल्याच सत्रात द्यावा. प्रत्येक शाखेने निदान एक नवा प्रतिनिधी पाठवावा. परतलेल्या प्रतिनिधीने आठ दिवसांत गेट मीटिंग घेऊन वृत्तांत सांगावा.

ज्याचा प्रश्न ऐकला जातो, त्याला पुढच्या वेळी आमंत्रण द्यावे लागत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!