खंडेनवमीच्या पाटावरील नवे आयुध

खंडेनवमीस सुतार करवत-रंधा, शेतकरी नांगर आणि आम्ही कीर्तनकार टाळ-चिपळ्या पाटावर मांडून पूजितो. लाकडी खेळणी, चौरंग, देव्हारे घडविणाऱ्यांच्या पाटावर आता रंग फवारणारे यंत्रही येऊ लागले आहे. कुंचला सुटला की कला बुडाली, असा आक्षेप काही भाविक घेतात. आम्हांस तो मान्य नाही. परंतु हाती येईल ते यंत्र आणावे, हेही मान्य नाही.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायेचे तीन प्रकार सांगितले असून त्यांतील एक ‘बिंदुज’, म्हणजे ठिपक्यांनी साधलेली छाया होय. फवाराही सूक्ष्म बिंदूच टाकतो. तेव्हा तत्त्व परके नाही. प्रश्न आहे तो विवेकाचा. ‘उपकरण’ या शब्दातील ‘उप’ विसरू नये. हात मुख्य, साधन त्याच्या जवळचे, पण दुय्यम.

सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे आणि खेळणी घ्या. वस्तू मूठभर, वळणे नाजूक. तिच्यासाठी भिंती रंगविण्याचे वायुविरहित यंत्र आणणे म्हणजे समईत घागरीने तेल ओतणे! त्याचा दाब दर चौरस इंचास हजार पौंडांहून अधिक. रंग ओघळतो आणि बराचसा वाया जातो. अशा कामास वर लहान पेला असलेली छोटी स्प्रे गन पुरते. तिचे तोंड 0.8 ते 1 मिलिमीटरचे असावे. पोपटाच्या पंखावरील छटेस एअरब्रश घ्यावा. त्याचे तोंड 0.2 ते 0.5 मिलिमीटर आणि दाब 15 ते 30 पौंड. डोळे, वेलबुट्टी, काठ मात्र कुंचल्यानेच रेखावेत. सपाट थर यंत्राने, रेषा हाताने, ही विभागणी आम्हांस उचित वाटते.

कोकणच्या दमट हवेत कॉम्प्रेसरला ओलावा पकडणारा फिल्टर हवाच. नाहीतर पाण्याचे थेंब रंगात मिसळून डाग पडतात. काम संपताच यंत्र धुवावे. तोंडात रंग वाळला, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी होते.

याहून मोठी गोष्ट श्वासाची. कुंचल्याचा रंग लाकडावर राहतो. फवाऱ्याचा हवेत उडतो आणि छातीत जातो. तोंडावरचा रुमाल थिनरची वाफ अडवीत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाच्या डब्यांचा मुखवटा, वारा बाहेर नेणारा पंखा आणि लेकरांपासून दूर अशी जागा हवी. आग जवळ असू नये. पूजेची निरांजनेही नकोत. यंत्रास पैसे जमविले आणि मुखवट्यास उरले नाहीत, तर यंत्रच लांबणीवर टाकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि वाचकहो, आपलेही कर्तव्य आहे. खेळणे बाळाच्या तोंडात जाते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. सणाची खरेदी करताना रंग कोणता, हे विचारा. आणि चार रुपये अधिक मागितले, तर घासाघीस करू नका. त्या चार रुपयांत एका कारागिराचा श्वास आहे. ज्या आयुधाने करणाऱ्याचे आयुष्य घटत नाही, तेच पूजेच्या पाटावर शोभते.