आकडा की नाव? आधी ते ठरवा!

पनवेलचा पिन कोड आहे ४१०२०६. आता एक सोपा प्रश्न. ४१०२०६ ही पूर्णांक संख्या आहे का?

“आहेच की!” असे तुम्ही चटकन म्हणाल. दशांशचिन्ह नाही, अपूर्णांक नाही, मग पूर्णांकच! माझे मत वेगळे आहे. त्यात अंक आहेत हे खरे, पण ती संख्या नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे संगणकाच्या आज्ञावल्यांत पुष्कळ घोटाळे होतात. तुमच्यापैकी कितीतरी जण आज शाळेत आज्ञावली लिहायला शिकत आहेत, म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडत आहे.

पिन कोडची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते टपाल खात्याचे अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडितही. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा भाग. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करण्याचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. कर्जतचा पिन कोड ४१०२०१. पनवेल आणि कर्जत यांची बेरीज करा पाहू! ८२०४०७ आली. तिचा अर्थ काय? काहीच नाही. पिन कोड हे अंकांनी लिहिलेले नाव आहे.

आता समजा, शाळेची सहल कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जाणार आहे. एका वर्गातून ४२ मुले आणि दुसऱ्या वर्गातून ३८. बेरीज ८०. तेवढे खाऊचे पुडे हवेत. इथे बेरजेला अर्थ आहे, म्हणून ही खरी संख्या. शिवाय साडेबेचाळीस मुले सहलीला येत नाहीत, म्हणून ती पूर्णांकच असायला हवी.

तेव्हा पहिली कसोटी ही: बेरीज-वजाबाकी करून काही अर्थ निघतो का? निघत असेल तरच “हा पूर्णांक आहे का?” हा प्रश्न विचारावा. नाहीतर मजकूर जसाच्या तसा ठेवावा. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ संख्या म्हणून साठवला, तर पुढचे शून्य गळून २२ उरतो. दहा आकडी मोबाइल क्रमांकाचे तर आणखी वाईट. ३२ बिटांच्या नेहमीच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. आपले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे ते त्यात मावतच नाहीत.

संगणक अंक ओळखतो तरी कसा? तुम्ही कळफलकावर इंग्रजी वळणाचा १ दाबलात, की संगणकाला ‘एक’ मिळत नाही. त्याला मिळतो त्या चिन्हाचा क्रमांक, ४९. शून्याचा क्रमांक ४८ आणि नवाचा ५७. म्हणून आज्ञावली प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून ४८ वजा करते आणि अंकाची किंमत काढते. ‘४२’ वाचताना आधी ४ मिळतो. पुढचा अंक आला की आधीच्या किमतीला दहाने गुणून तो मिळवायचा: ४ × १० + २ = ४२. मध्येच ४८ ते ५७ च्या बाहेरचा क्रमांक आला, तर ते चिन्ह अंक नाही हे उघडच आहे.

मग पुढे काय करायचे? खरा मतभेद इथेच आहे. सी भाषेतील ‘एटूआय’ हे तयार फलन ‘पनवेल’ असे अक्षरी नाव दिले तरी मुकाट्याने ० हे उत्तर देते. कोणी खरोखर शून्य लिहिले की भलतेच काही लिहिले, हे त्यावरून कळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘नंबर’ या फलनाला रिकामा रकाना दिला, तर तेही ० सांगते. “सहलीला एकही मूल येणार नाही” आणि “सर अजून आकडा लिहायचे आहेत” या दोन गोष्टी एकच का? मुळीच नाही!

त्याच भाषेतील ‘पार्सइंट’ तर अर्धेच वाचून थांबते. गावातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भूमापन क्रमांक असा असू शकतो: ४५/२अ. तो इंग्रजी अंकांत लिहून ‘पार्सइंट’ला दिला, तर उत्तर येते ४५. तिरप्या रेघेपुढचे सगळे गायब, आणि तक्रार काहीच नाही! नवी मुंबईसाठी पनवेल तालुक्यातील कितीतरी जमिनी संपादित झाल्या. अशा ठिकाणी हिश्शाचा आकडा गळणे ही बारीकसारीक चूक नव्हे. ४५/१ दुसऱ्याचा असेल, ४५/२अ आपला. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, आज्ञावलीने चुकीचा अंदाज बांधण्यापेक्षा “समजले नाही, पुन्हा लिहा” असे सांगणे शंभरपट बरे.

आता आपल्या अंकांविषयी. पाटीवर आपण जे १, २, ३ गिरवले, त्यांना संगणकात वेगळे क्रमांक आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५. म्हणजे ४८ ऐवजी २४०६ वजा केले की झाले! पायथन भाषेतील ‘इंट’ हे काम आपण होऊन करते. देवनागरी ४१०२०६ त्याला बरोबर वाचता येतो. जावास्क्रिप्टचे ‘पार्सइंट’ मात्र ते अंक ओळखत नाही.

काही जण म्हणतील, “इंग्रजी आकडे सगळ्यांना येतात, मग हा खटाटोप कशाला?” केंद्र सरकारच्या कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय वळणाचे अंक राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमाने ठरवले आहेत, हेही खरे. पण एखाद्या आजीने मराठी अर्जात आपले वय ६८ असे मराठीत लिहिले आणि यंत्र म्हणाले “हा आकडा नाही”, तर चूक कोणाची? आजीची नक्कीच नाही. एका वजाबाकीचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याने टाळले, एवढेच. आत साठवताना हवे ते वळण वापरावे, पण दारात आलेल्या माणसाला परत पाठवू नये.

तेव्हा तुम्ही आज्ञावली लिहाल तेव्हा या क्रमाने जा. आधी मागची-पुढची मोकळी जागा काढा. काहीच उरले नाही, तर “रकाना रिकामा आहे” असे सांगा. पुढे उणे चिन्ह चालणार आहे का, ते ठरवा. उरलेले प्रत्येक चिन्ह अंकच आहे ना, ते शेवटपर्यंत तपासा. मग आकडा शक्य कोटीतला आहे का ते पाहा. सहलीला ४२०० मुले हा पूर्णांक असला, तरी एका वर्गातून तेवढी मुले येणार नाहीत! आणि नकार दिलात, तर कारण साध्या मराठीत लिहा.

शेवटी थोडा अभ्यास. पुढील नोंदी आपल्या आज्ञावलीला देऊन पाहा: ४२, −७, ००७, ४२.०, ४५/२अ, नुसते उणे चिन्ह आणि रिकामी जागा. प्रत्येक नोंदीचे उत्तर काय यावे ते आधी वहीत लिहा, मगच संगणकाला विचारा. ४२.० पूर्णांक मानायचा की नाही, यावर तुमच्या वर्गात वाद होईल. होऊ द्या! त्याचा निर्णय माणसांनीच करायचा असतो. संगणक फक्त तो पाळतो.