दस्तुरीवरची पहिली दहा मिनिटं

पर्यटकांची फसवणूक होते म्हणून गावकऱ्यांनीच गाव बंद ठेवल्याचं कधी ऐकलंय? माथेरानमध्ये हे घडलं. पुढच्या वीकेंडला तिथे किंवा दुसऱ्या कुठल्याही टुरिस्ट स्पॉटवर जाणार असाल, तर या बंदमागची गोष्ट समजून घ्यायला हवी.

शनिवारची सकाळ. ग्रुपवर तीन आठवडे नुसताच 'जाऊया, जाऊया' म्हणून चाललेला प्लॅन एकदाचा जमलेला असतो. कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने घाट चढून तुम्ही दस्तुरी नाक्यावर उतरता. इथून पुढे गाडी जात नाही. बॅग खांद्याला लावून तुम्ही इकडेतिकडे बघेपर्यंत चार-पाच जण भोवती जमलेले असतात. ''दादा, ट्रेन फुल आहे.'' ''ताई, चालत लई लांब पडेल, दमाल.'' ''ई-रिक्षा आत्ता कुठली मिळायला? घोडा करा.'' तुम्ही पहिल्यांदाच आलेले. मोबाइलला रेंज येते-जाते. सोबत कुणाची तरी आजी असेल किंवा लहान भाचा असेल, तर मग विचार करायला वेळही नसतो. तुम्ही सांगतील तो आकडा मान्य करता आणि बाजारात पोचल्यावर कळतं की शटल ट्रेन सुरू होती. तिचं अमन लॉज स्टेशन तर दस्तुरीपासून चालत काही मिनिटांवरच होतं.

खिशातून चार पैसे जास्त गेले, एवढाच प्रश्न असता तर तो विसरता आला असता. पण त्यानंतर दोन दिवस तुम्ही चहावाल्यापासून हॉटेलच्या मॅनेजरपर्यंत प्रत्येकाकडे संशयानेच बघता. घरी परतल्यावर कुणी विचारलं, ''कसं आहे माथेरान?'' तर पहिलं वाक्य पॅनोरमा पॉइंटबद्दल नसतं, दस्तुरीबद्दल असतं.

गावानेच गाव बंद केलं

नेमक्या याच कारणावरून १८ मार्च २०२५ रोजी माथेरानमध्ये बेमुदत बंद पुकारला गेला. हॉटेलं, दुकानं बंद झाली. दस्तुरीवर पर्यटकांना खोटी माहिती देऊन त्यांच्याकडून जादा पैसे काढले जातात, त्याने अख्ख्या गावाचं नाव खराब होतं आणि प्रशासन लक्ष घालत नाही, ही बंद करणाऱ्यांची तक्रार होती. प्रशासनाशी चर्चा झाल्यावर बंद लगेच मागेही घेण्यात आला. पण या घटनेचा अर्थ नीट बघा. बंद, मोर्चे आपण बघतो ते बहुतेक वेळा स्वतःच्या मागण्यांसाठी. इथे हॉटेलवाले आणि दुकानदार गिऱ्हाइकाला नीट वागणूक मिळावी म्हणून स्वतःचाच गल्ला बंद करून बसले होते.

त्यामागे चांगुलपणा असेलच, पण हिशेबही होता. माथेरानमध्ये शेती नाही, कारखाना नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळे मोठी बांधकामं, उद्योग यांवर निर्बंध आहेत. म्हणजे गावाची चूल पर्यटकावरच पेटते. तो पर्यटक एका नाक्यावरून वैतागून परत फिरला, तर नुकसान लॉजवाल्यापासून चिक्की-चपला विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं.

स्टार कुणाचे कापले जातात?

आता थोडं तुमच्या-माझ्या सवयीबद्दल. आपण कुठेही जाण्याआधी रिव्ह्यू वाचतो. हॉटेलला किती स्टार, रूम स्वच्छ आहे का, नाश्ता कसा. हॉटेलवाल्यालाही हे माहीत असतं. म्हणून तो गरम पाण्यापासून हसतमुख स्वागतापर्यंत सगळं सांभाळायचा प्रयत्न करतो. कारण त्याला नाव आहे, पाटी आहे, मोबाइलवर पान आहे. चूक झाली तर ती त्याच्याच नावावर लागते.

दस्तुरीवर तुम्हाला 'ट्रेन फुल आहे' म्हणून सांगणाऱ्या माणसाला मात्र असं पानच नाही. त्याचं नाव तुम्हाला माहीत नसतं आणि तो पुन्हा भेटणारही नसतो. मग आपला राग कुठे निघतो? हॉटेलच्या रिव्ह्यूमध्ये, नाहीतर सरळ गावावर. 'माथेरानचे लोक लुटतात' असं लिहून आपण मोकळे. फसवणारे मूठभर, पण बदनामीचे वाटेकरी सगळे. सरळ धंदा करणाऱ्याला मिळणारं बक्षीस शून्य आणि वाकडा धंदा करणाऱ्याला होणारी शिक्षाही शून्य. अशा ठिकाणी सेवा आपोआप सुधारेल ही आशा फोल आहे.

हे फक्त माथेरानचं दुखणं नाही. पर्यटनाच्या गावात भांडण कायम प्रवेशाच्या दारातच होतं. गोव्यात टॅक्सीच्या भाड्यावरून किती वर्षं वाद चालू आहेत, आठवा. २०१८ मध्ये तिथे 'गोवा माइल्स' हे अॅप सरकारी पाठबळावर आलं आणि स्थानिक टॅक्सीचालकांनी त्याला कडाडून विरोध केला. मुंबई-पुण्याच्या विमानतळावर प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे, तीही याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. नवखा माणूस दारात उतरला की त्याच्याकडे माहिती सगळ्यात कमी असते, घाई सगळ्यात जास्त असते आणि त्या दहा मिनिटांत कुणीही त्याचा फायदा घेऊ शकतो.

घोड्याला सोमवारीही चारा लागतो

नाण्याची दुसरी बाजू न बघता आपण निकाल देऊन टाकला, तर तेही बरोबर नाही. घोडेवाल्याकडे गर्दी असते ती शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवसांत. घोड्याला चारा मात्र सोमवारीही लागतो आणि भर पावसात, पर्यटक रोडावल्यावरही लागतो. पूर्वी मुंबईची कुटुंबं माथेरानला आठ-पंधरा दिवस मुक्कामाला यायची. ठरलेला घोडेवाला असायचा, तोच पोरांना रोज फिरवून आणायचा. ओळख असली की दर आपोआप ताळ्यावर राहतो. आज आपण सकाळी जातो आणि रिल्स काढून रात्रीच्या लोकलने परत येतो. घोडेवाल्याला तुमचं तोंड पुन्हा दिसणार नसतं. मग आजच्या दोन दिवसांत आठवड्याची कमाई काढायचा मोह होतो. मोह का होतो हे समजलं, म्हणून खोटं बोलणं माफ होत नाही. पण उपाय शोधायचा तर कारण माहीत हवं.

त्यात स्पर्धा वाढली. १९०७ पासून धावणारी मिनी ट्रेन होतीच. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. शाळेत जाणारी मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांची त्यामुळे मोठी सोय झाली. पण ज्याचं पोट घोड्यावर आहे, त्याला प्रत्येक ई-रिक्षा म्हणजे गेलेलं गिऱ्हाईकच दिसणार. 'ई-रिक्षा नाही मिळणार' हे वाक्य त्या भीतीतूनही येतं.

माणसाने माणसाला ओढायचं?

माथेरानमध्ये आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षं चालू होती. हातरिक्षा. लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढून ओढतोय, दुसरा मागून ढकलतोय आणि आत आपण फोटो काढतोय. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानवी ठरवली आणि सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात ओढणाऱ्यांच्या पोटाचाही विचार होता. गुजरातमध्ये केवडियाला महिला ई-रिक्षा चालवतात. त्या धर्तीवर राज्याने ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालवायला द्याव्यात, असं न्यायालयाने सुचवलं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही बजावलं.

आदरातिथ्याच्या चर्चेत हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण 'कस्टमर सर्व्हिस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त कस्टमर येतो. सेवा देणाऱ्याची अवस्था काय, हा प्रश्न आपण विचारत नाही. ज्याचं उद्याचं काही खरं नाही, त्याच्याकडून आज हसतमुख आणि सरळ वागण्याची अपेक्षा कशी करणार? चांगली सेवा हवी असेल, तर सेवा देणाऱ्याची कमाईही स्थिर हवी. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

मग करायचं काय?

गावाच्या आणि प्रशासनाच्या हातात बरंच आहे आणि त्याला फार खर्चही नाही. माथेरानला येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते आणि त्याची पावती देते. म्हणजे प्रत्येक पर्यटकाच्या हातात एक कागद जातोच! त्याच पावतीच्या मागे चार ओळी ठळक छापता येतील : शटलच्या वेळा, घोड्याचे आणि हमालीचे ठरलेले दर, ई-रिक्षाचं भाडं, पायी किती वेळ लागतो आणि तक्रारीसाठी एक नंबर. घोडेवाल्यांना आणि हमालांना ठसठशीत क्रमांकाचे बिल्ले असले, तर सरळ धंदा करणाऱ्यालाही नाव मिळेल. 'अमुक नंबरवाल्या दादांकडेच जा' हे तुम्ही मित्रांना सांगू शकाल. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणतात ते हेच.

आणि आपण? निघण्याआधी पाच मिनिटं खर्च करा. ट्रेनचं वेळापत्रक बघा. पावसाळ्यात नेरळहून घाटातून येणारी गाडी बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल सहसा चालू असते. दस्तुरीहून बाजारापर्यंत अंतर अडीच-तीन किलोमीटर आहे. रुळांच्या कडेने, झाडांच्या सावलीतून पाऊण तासात आरामात पोचता. तरुण पायांना ते जड नाही. घोडा करायचा असेल तर जरूर करा, पण बसण्याआधी कुठून कुठे, किती पॉइंट, किती पैसे हे स्पष्ट बोलून घ्या. तरीही फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, जवळची पोलीस चौकी आहे. तिथे बोला. निम्म्या तक्रारी आपण इन्स्टावर करतो आणि जिथे करायला हव्यात तिथे करतच नाही.

रिव्ह्यू लिहिताना नेमकं लिहा. कोण, कुठे, किती वाजता, काय बोललं. 'सगळे चोर' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही, उलट ज्याने तुम्हाला प्रेमाने जास्तीची पोळी वाढली त्याचंही पोट मारतं. आणि चांगलं काही घडलं, तर तेही लिहायला विसरू नका. घाट उतरताना आपल्याला आठवतं ते वाईटच. गोड आठवण टाइप करायचा कंटाळा येतो.

हो, आणि पाहुणा म्हणून आपलंही प्रगतिपुस्तक असतं. ठरलेल्या दरातही शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची, हमालाला 'ए' म्हणून हाक मारायची, चिप्सची पाकिटं दरीत भिरकवायची आणि मग 'इथली सर्व्हिस चांगली नाही' म्हणायचं, हे जमणार नाही. गावकऱ्यांना आपल्याला स्टार द्यायची सोय नाही, हे आपलं नशीब.

पुढच्या शनिवारी दस्तुरीवर उतरलात की लगेच कुणाला होही म्हणू नका आणि कुणाच्या अंगावरही जाऊ नका. आधी हसून म्हणा, ''थांबा दादा, शटल किती वाजता आहे ते बघून येतो.'' त्यानंतरही घोड्यावर बसावंसं वाटलं, तर त्याच दादांकडे परत या.