धूळ शिवाजी पार्कची, फडके आपल्या दुकानातले

दादरच्या शिवाजी पार्क मैदानावरील लाल मातीचा प्रश्न बरीच वर्षे गाजत आहे. १९२५ साली महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुले केले. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. पावसाळा सरला की येथील माती वाऱ्यावर उडते आणि भोवतालच्या इमारतींच्या खिडक्यांतून घरात शिरते. महापालिकेने गवत लावून पाहिले, पावसाचे पाणी साठवून ते शिंपडण्याची योजना आखली. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ही माती काढण्यास सांगितले, तेव्हा महापालिकेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला. मैदानाचे काय करायचे ते सरकारदरबारी ठरेल. आमचा प्रश्न वेगळा आहे. घरात आलेली ही धूळ आणि डाग काढण्यासाठी जे वापरले जाते, ते विकतो कोण? त्याचे सरळ उत्तर असे की, आपणच विकतो. किराणा, हार्डवेअर, कापड, साबण, झाडू या सर्व धंद्यांत आपले लोक आहेत. म्हणून या पानावर हा विषय मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

आज मुंबईच्या बाजारांत पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेले तेजाब आणि रंगीत फिनाईल सर्रास मिळते. त्यावर ना नाव, ना सूचना. घरात लहान मूल असेल तर त्याला ती बाटली पाण्याचीच वाटणार. ते वापरणारी बहुतेक वेळा घरकाम करणारी बाई असते. उघड्या हातांनी, खिडकी नसलेल्या मोरीत, गुडघ्यांवर बसून ती घासते. गिऱ्हाईक शेठाणी असते, पण वाफ नाकात जाते ती त्या बाईच्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तेजाबाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विकत घेणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत लिहिणे, ओळखपत्र पाहणे, अठरा वर्षांखालील कोणालाही न विकणे, हे तेव्हापासून दुकानदारावर बंधनकारक आहे. नियम मोडणाऱ्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा आदेश तेजाबाच्या हल्ल्यांमुळे आला हे खरे, पण तो पाळला तर घरातले अपघातही कमी होतील.

एक गोष्ट प्रत्येक दुकानदाराने माल देताना तोंडी सांगितलीच पाहिजे. ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करण्याचे द्रव आणि संडास साफ करण्याचे तेजाब एकत्र करू नये. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला होता. ‘दोन्ही टाकले की दुप्पट स्वच्छ’ असे समजून बंद न्हाणीघरात हा प्रयोग करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

तेजाबाने घराचेही नुकसान होते. शिवाजी पार्कच्या आसपास १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या इमारती आहेत. त्या काळच्या घरांत मोझॅकच्या लाद्या असत. मोझॅक म्हणजे संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट. आम्लाने दोन्ही खाल्ले जातात, लादीची चकाकी जाते, ती खडबडीत होते आणि मग तिच्यात धूळ अधिकच बसते. येथे एक खबरदारीही सांगतो. नैसर्गिक म्हणून लिंबू आणि सिरका सगळीकडे चालतो असे हल्ली सांगितले जाते, ते बरोबर नाही. सिरकाही आम्लच आहे. नळावरचे पांढरे डाग, काचेवरचे डाग त्याने उत्तम निघतात, पण मोझॅक आणि संगमरवरावर तो घालू नये. तसेच सोडा आणि सिरका एकत्र केला की फेस पुष्कळ येतो, परंतु दोघे एकमेकांचा जोर मारतात आणि हाती जवळजवळ खारट पाणीच उरते. ज्याला ही माहिती आहे त्यानेच गिऱ्हाइकाला सल्ला द्यावा.

मग धुळीला उपाय काय? सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ओले सुती फडके. कोरड्या झाडूने बारीक माती पुन्हा हवेत उडते आणि थोड्या वेळाने तेथेच बसते. ओल्या फडक्याला ती चिकटते व बादलीत जाते. तेलकट डागाला कोमट पाणी आणि थोडा साबण, ओट्याला खाण्याचा सोडा, इतके रोजच्या कामाला पुरते. घरात आजारी माणूस असेल, उलटी-जुलाबाची घाण असेल, तेथे जंतुनाशक वापरावेच, पण ते पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून आणि खिडकी उघडी ठेवून.

फडक्याची गोष्ट आम्हा कापडवाल्यांची आहे. कोऱ्या कापडाला कांजी असते, म्हणून ते प्रथम पाणी घेत नाही. दोन-चार वेळा धुतलेले मांजरपाट किंवा जुने मलमल पाणी झटकन शोषते. पॉलिएस्टर तेवढे शोषत नाही. बाजारात मायक्रोफायबरची फडकी आली आहेत. ती धूळ चांगली पकडतात, परंतु ती प्लास्टिकच्याच धाग्यांची असतात आणि प्रत्येक धुण्यात त्यांचे बारीक तंतू पाण्याबरोबर गटारात जातात. शिलाईच्या कारखान्यांतून सुती कटपीस चिंधीच्या भावाने वजनावर जातात. त्यातले शुद्ध सुती वेगळे काढून, एकदा धुऊन, दुहेरी शिवून चौकोनी फडकी केली तर ती किरकोळीत विकता येतील. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक शिलाई मशीन आणि माल पारखणारी नजर पुरते. घरी बसून शिवणाऱ्या आपल्या बहिणींना यात काम आहे. फक्त सुती म्हणून मिश्र धाग्याचा माल गळ्यात मारू नये, कारण पहिल्याच पोछ्याला खोटेपणा उघडा पडतो.

कपड्यांच्या सफाईतही जुन्या वस्तूंची पुन्हा गरज आहे. रेशीम आणि लोकर यांना सोडा व कडक साबण मानवत नाही, धागा कमजोर होतो. रिठे रात्री भिजवून, उकळून, गाळलेल्या पाण्यात ते सौम्यपणे धुतले जातात. रिठ्यात फेस करणारे द्रव्य जन्मतःच असते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहावे. त्या नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी या घटकाची जन्मतः कमतरता असते. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेले कपडे वा दुपटे थेट गुंडाळले तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. कपडे नीट धुऊन, कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवले तर कसर लागण्याची भीती बरीच कमी होते. ड्रायक्लीनिंगच्या धंद्यातल्या बंधूंनी हेही ध्यानात घ्यावे की, त्यात वापरले जाणारे परक्लोरोएथिलीन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुधा कर्करोगकारक ठरवले आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ते ड्रायक्लीनिंगमधून दहा वर्षांत काढून टाकण्याचा नियम जाहीर केला. दुकानात दिवसभर ती वाफ घेणारा कारीगर गिऱ्हाइकापेक्षा अधिक धोक्यात असतो. त्याच्यासाठी निदान हवा खेळती ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

काही बंधू म्हणतील, तेजाबावर नफा आहे, फडक्यावर काय मिळणार? आमचे म्हणणे असे की, तेजाबाचे गिऱ्हाईक भाव पाहून येते आणि भाव पाहून जाते. ज्या दुकानात लादी कशाने धुवावी आणि रेशीम कशाने, हे खरे खरे सांगितले जाते, तेथे ते दर महिन्याला येते आणि शेजारणीलाही आणते. ईदच्या आणि दिवाळीच्या आधी घरोघर सफाई निघते, तोच या मालाचा हंगाम. तेव्हा निनावी बाटल्या खाली उतरवाव्यात आणि त्या जागी रिठे, सोडा आणि शिवलेली सुती फडकी मांडावीत. जे तेजाब ठेवणे भागच आहे, ते नावाच्या चिठ्ठीसह, वही ठेवून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. एवढे प्रत्येक दुकानदाराला याच आठवड्यात करता येण्यासारखे आहे.