हँडल बदलण्याआधी सेल बदला!

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिशिंगणापूरला दर्शन घेऊन आम्ही पार्किंगमध्ये आलो. बाबांनी सवयीनं हँडलवरचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. चावी या खिशातून त्या खिशात गेली, तरी गाडी ढिम्म! आई म्हणाली, "ज्या गावात घरांना कुलूप लावत नाहीत, तिथं आपलीच गाडी आपल्याला आत घेईना." शेवटी शेजारच्या चहावाल्या दादानं आमच्या रिमोटच्या पोटातून छोटी धातूची चावी काढून दाखवली. तीन वर्षं गाडी वापरतोय, पण ती तिथं असते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "सेन्सर गेलाय, पूर्ण हँडल बदलावं लागेल." एस्टिमेट चार आकडी. बाबा 'हो' म्हणणार, तेवढ्यात मी एक दिवस मागून घेतला. घरी येऊन कपाटातली दुसरी चावी काढली. तेच दार, तेच हँडल, दहापैकी दहा वेळा उघडलं. मग जुन्या चावीत नवा सेल टाकला. तीही चालू! हँडलला काहीच झालं नव्हतं.

लगेच मेकॅनिकला चोर ठरवू नका. कधी उघडतं, कधी नाही, असा बिघाड नेमका त्याच्यासमोर दिसत नाही. मग तो अंदाजानं पार्ट बदलतो. माझा मुद्दा आपल्याबद्दल आहे. मोबाइल घेताना आपण आठ दिवस रिव्ह्यू बघतो आणि लाखोंच्या गाडीचं मॅन्युअल प्लॅस्टिकमधून बाहेरही काढत नाही.

खरं तर गणित सोपं आहे. हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडते. तो जेमतेम एक-दीड मीटर पोचतो. चावी तो ऐकते आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ओळख सांगते. ओळख पटली की दार उघडतं. यातली कुठलीही कडी कमजोर झाली तरी आपण एकच म्हणतो, 'सेन्सर गेला.'

म्हणून कडी शोधा. दुसऱ्या चावीनं दार उघडलं, तर दोष पहिल्या चावीत. आधी सेल बदला. बऱ्याच चाव्यांत सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. एकाच चावीनं बाकीची दारं उघडतात आणि एकच अडतं, तर त्या हँडलकडे बघा. धूळ, धुताना शिरलेलं पाणी किंवा बिजागरीजवळ वाकून वाकून तुटलेली वायर, यातलं काहीतरी असेल. रिमोटचं बटण चालतं पण एकही हँडल दाद देत नाही, तर गाडीच्या सेटिंगमध्ये कीलेस बंद तर नाही ना, ते पाहा. गाडीची १२ व्होल्टची बॅटरीही तपासून घ्या. लॉकच होत नसेल, तर डिकी उघडी किंवा दुसरी चावी आत राहिली असेल. चावी आणि मोबाइल एकाच खिशात ठेवत असाल, तर वेगळे ठेवून बघा. आणि दरवेळी लिहून ठेवा, कुठलं दार, पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का. ही नोंद दाखवली की मेकॅनिकचंही काम सोपं होतं.

सेल पूर्ण संपला तरी बहुतेक गाड्या चावी स्टार्ट बटणाला टेकवली की सुरू होतात, कारण आतल्या चिपला सेल लागत नाही. रात्री घाटात अडकल्यावर हे शोधण्यापेक्षा आज घरासमोर करून बघा.

बाबांचं मत, "साधी चावीच बरी होती." मला नाही पटत. सोय वाईट नसते, ती न समजता वापरणं महागात पडतं. त्याच शिंगणापुरात जानेवारी २०११ मध्ये युको बँकेनं 'कुलूप नसलेली' शाखा उघडली. काचेच्या दाराला सहज न दिसणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप मात्र होतं. कुलूप दिसत नसलं, तरी ते कसं चालतं हे कुणाला तरी माहीत असावंच लागतं. आपल्या गाडीच्या बाबतीत तो 'कुणीतरी' आपणच का होऊ नये?