ओढू नका, आधार द्या

लकवा मारला की आपल्याकडे दोन गोष्टी आधी पाहिल्या जातात : तोंड किती वाकडे झाले आणि माणूस पाय कधी टाकणार. खांद्याची चौकशी कोणी करत नाही. आमच्या निपाणीतल्या गल्लीत एक मावशी आहेत. आयुष्यभर विड्या वळल्या, हजारावर मजुरी घेतली. उजवी बाजू गेली, तरी दोन महिन्यांत त्या धरून चालू लागल्या. खांदा मात्र असा दुखू लागला की व्यायामाचे नाव काढताच डोळ्यांत पाणी. त्यांची सून मला विचारते, "सर, दुखतंय म्हणजे हातात जीव येतोय, असं सगळे म्हणतात. खरं का?"

खरे नाही. दुखणे हे सुधारणेचे लक्षण नव्हे. खांद्याचा सांधा उखळीचा, पण उखळ अगदी उथळ. हाताचे हाड तिथे धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू. लकव्यात ते सैल पडतात आणि तीन-एक किलोचा हात नुसता लोंबकळतो. पुढे हेच स्नायू ताठरतात, हात छातीकडे ओढला जातो. अशा वेळी बस स्टँडवर घाईत कोणी मनगट धरून वर ओढले, की दुखणे सुरू झालेच म्हणून समजा.

घरोघरी दोरी-कप्पी टांगून चांगल्या हाताने दुबळा हात वर ओढायची पद्धत आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात कप्पीचा व्यायाम दिलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांचा खांदा दुखू लागला. थेरपिस्टने स्वतः हात हलवून व्यायाम दिलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१६ च्या मार्गदर्शिकेत डोक्यावरची कप्पी नको, असे सांगितले आहे.

मग करावे काय? बसताना हाताखाली उशी हवी. उठवताना काखेत हात घालू नये, कमरेला धरावे. झंपर किंवा सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. हात जबरीने खांद्याच्या वर नेऊ नये. तेल हलक्या हाताने लावावे. शेक फार जपून द्यावा, कारण त्या बाजूला चटका कळत नाही. झोळी चालताना ठीक. दिवसभर बांधून ठेवल्यास हात आखडतो. फिजिओथेरपिस्ट पाठीवरचे खांद्याचे पाते मोकळे करून मगच हात उचलतात. गरजेप्रमाणे पट्टी लावतात, 'करंट' देतात. ताठरपणा फार असेल तर डॉक्टर इंजेक्शनही सुचवतात.

निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. कोल्हापूर त्याहून जवळ, पण रोज तेही परवडत नाही. सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. बेळगावात के.एल.ई.चे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. कुठेही जा, पण जो घरी रोज सांभाळतो त्यालाच बरोबर न्या आणि हात कसा धरायचा हे त्याच्याकडून तिथेच करवून घ्या. थेरपिस्ट कन्नड बोलणारे असले तर 'नोवु' म्हणजे दुखणे, एवढा शब्द ठाऊक असू द्या. रुग्णाची वाचा गेली असेल तर 'दुखतंय' सांगायची एक खूण आधीच ठरवा, आणि ती खूण दिसताच थांबा.

मावशींचा हात पुन्हा विडी वळेल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण तो हात आपल्यामुळे दुखू नये, एवढे तर घरच्यांच्या हाती आहे.