नाव फलाटावर राहते

विरारहून मुंबईत बॅकबेला पहिली लोकल सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. दिवसाला एकच गाडी. डब्यात बहुतेक सगळे तोंडओळखीचेच असतील. आता गाड्या वाढल्या, गर्दी त्याहून वाढली, आणि माणूस आपले नाव फलाटावर ठेवूनच आत शिरतो.

परवा संध्याकाळी दादरला एक वृद्ध गृहस्थ आमच्या डब्यात चढू लागले. “बोरिवलीवाल्यांनी विरार गाडीत येऊ नये!” मी ओरडलो आणि दारात कोपर रोवले. कसेबसे आत येऊन त्यांनी मला निरखून पाहिले. “तुम्ही आमच्या चाळीतल्या मास्तरांचे जावई ना?”

झाले! “या काका, सांभाळून,” म्हणत मी अंग चोरले. मघाशी तसूभर जागा नव्हती. आता दोघांपुरती निघाली.

याच गाडीत दसऱ्याला झेंडूची तोरणे लागतात, रोजची मंडळी एकमेकांना पेढे देतात. ओळखीच्या माणसाशी सौजन्य कुणालाही जमते. त्या रात्री मला मात्र झोप येईना. ते काका मास्तरांच्या चाळीतले नसते, तर?